सात मिनिटांची कुसुमावती

दिपमालाबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा आमच्या दोघांमध्ये अर्धा किलोमीटर रस्ता, एक पेट्रोल पंप, दोन रसवंत्या आणि एक लग्नाचा बँड होता. मी एरंडोलला हायवेच्या कडेला उसाचा रस पीत उभा होतो. त्या तिकडे स्टँडवर, बसच्या दारात. त्यांनी फक्त "पारोळा, धुळे! धुळे, धुळे, धुळे!" एवढंच म्हटलं. त्याबरोबर बँडमधल्या क्लॅरोनेटवाल्याचा सूर सुटला तो वरात संपेपर्यंत जागेवर आला नाही. रसवंतीचे घुंगरू कोणी हात न लावता वाजले. सकाळपासून रस्त्यात बसलेली एक म्हैस, जिच्यापुढे दोन ट्रक आणि एक आमदारकीचा उमेदवार हरले होते, ती उठली आणि शिस्तीत धुळ्याच्या दिशेने चालू लागली. मीही निघालो. ग्लासात अर्धा रस शिल्लक होता.

मला जळगावला जायचं होतं, ही गोष्ट मला गाडी सुटल्यावर आठवली. माझं घर जळगावात, विमा कंपनीतली नोकरी जळगावात, आणि त्या दिवशी सासरे यायचे होते तेही जळगावातच. पण इतक्या खात्रीने कोणी धुळं म्हटलं की माणूस आपल्या पत्त्याबद्दल साशंक होतो.

"कुठलं देऊ भाऊ?" वरून आवाज आला. वरून म्हणजे खरोखर वरून. बाई पावणेसहा फूट उंच, खाकी गणवेश, रंगाने सावळ्याच्या बऱ्याच पुढे, आणि खांद्याला कातडी बॅग.

"जळगाव," मी म्हटलं.

"गाडी धुळ्याला चालली."

"हो, ते कळलं."

"मग चढले कशाला?"

"तुम्ही बोलावलं म्हणून."

मागून आणखी तिघांनी चोरासारखे हात वर केले. तेही जळगावचेच होते. बाईंनी आमच्याकडे, हरवलेल्या शाळेच्या सहलीकडे बघावं तसं बघितलं आणि पारोळ्याच्या अलीकडे समोरून येणारी एक लाल गाडी पाहून खिडकीतून हात काढला. "अहोऽऽ!" दोन इंजिनं, दोन बंद काचा आणि मधला वारा भेदून जाणारं 'अहो' मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. समोरची गाडी थांबली. तिचे चालक लोटनभाऊ हे बाईंचे यजमान. त्यांनी काही न विचारता दार उघडलं. असा मी त्या संसारात प्रवेश केला: बायकोच्या गाडीतून उतरून नवऱ्याच्या गाडीत.

पुढे मला धुळ्याला नेहमी जावं लागू लागलं आणि ओळख वाढली. मी त्यांना अक्का म्हणू लागलो. नवरा-बायकोच्या गाड्या आठवड्यातून चार वेळा पारोळ्याच्या आसपास समोरासमोर येत. लोटनभाऊ दिवे एकदा मिचकावत. अक्का दारातून हात करत. पंचवीस वर्षांच्या संसारात जेवढं बोलणं झालं असेल त्यातलं अर्धंअधिक हॉर्नवर झालेलं होतं. घरी असले की लोटनभाऊ एकच प्रश्न विचारत, "जेवली का?" उत्तर काहीही आलं तरी पुढचा प्रश्न नसे.

अक्कांचं माहेर पाचोऱ्याकडचं, नदीकाठचं. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आमरसात बुडवून खातात. अक्कांच्या गावात त्यानंतर शिव्या देण्याचा कार्यक्रम असे. रीत अशी, की पोरींनी आपल्यातल्या एकीला गौर करायचं, शालू, गजरे, हातभर बांगड्या. दुसरीला नवरा करायचं, धोतर, फेटा आणि वरच्या ओठावर काजळाची मिशी. दोघींना मिरवत नदीवर न्यायचं. पलीकडच्या काठावर पलीकडच्या गावच्या बायका तयार असतात. मग दोन्ही काठांवरून गाण्यात आणि गाण्याबाहेर एकमेकींचा उद्धार. पलीकडच्या सगळ्या शिव्या नवऱ्याच्या नावाने येतात आणि उत्तर नवऱ्यानेच द्यायचं. जो काठ आधी गप्प बसेल तो हरला. आणि शिव्या संपायच्या आत नवऱ्याने फेटा उतरवला, तर तो काठ वर्षभर तोंड दाखवायच्या लायकीचा राहत नाही. राग कोणी धरत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच बायका एकमेकींकडे विरजण मागायला जातात.

दिपमाला अकराव्या वर्षी नवरा झाली आणि पुढची सात वर्षं नवराच राहिली. एवढी उंची आणि एवढा आवाज दुसऱ्या कोणाकडे नव्हता. गौर व्हायची रुख्मा. गोरी, नाकेली, आणि डोळे खाली घालून उभं राहण्यात तरबेज. शाळेच्या गॅदरिंगमध्येही तेच. दिपमाला मावळा झाली, रावण झाली, एका वर्षी वडाचं झाड झाली. झाडालाही वाक्य होतं, म्हणून मुद्दाम तिला घेतलं होतं.

रुख्माचं लग्न झालं आणि ती नेमकी पलीकडच्या काठाला पडली. पुढच्याच आखाजीला, काल-परवापर्यंतची ही लाजाळू गौर पलीकडून पदर खोचून उभी राहिली आणि तिने अशा काही शिव्या काढल्या, की सात वर्षं डोळे खाली घालून ती नेमकं काय करत होती ते सगळ्यांना कळलं. सामना रंगला. आणि ऐन भरात दिपमालाचा थोरला भाऊ धावत आला: घरी पाहुणे आलेत, मुलगी बघायला, चल. फेटा उतरला. मिशी नदीच्या पाण्याने पुसली. काठ हरला. पाहुणे म्हणजे लोटनभाऊ. पोह्यांची बशी पुढे करताना मुलीच्या ओठावर काजळाची बारीक रेघ राहून गेली होती, असं ते सांगतात. पसंती त्या रेघेमुळे दिली की रेघ असूनही, हे त्यांनी कधी स्पष्ट केलं नाही.

हे सगळं अक्कांनी मला पारोळ्याच्या स्टँडवर चहा पिताना सांगितलं होतं. शेवटी बशीत चहा ओतत म्हणाल्या, "लोकांना काय काय व्हावंसं वाटतं भाऊ. मला एकदा गौर व्हायचं होतं. कोणी तरी म्हणावं, इकडे बघ. बस, एवढंच."

मी म्हटलं, "लोटनभाऊ म्हणतील की."

"ते दिवे मिचकावतात," अक्का म्हणाल्या आणि गाडीची वेळ झाली.

आता कुंदन सर. हे जळगावच्या एका कॉलेजात शिकवत आणि पुण्याहून नाटकाचा अभ्यासक्रम करून आले होते. तिथून त्यांनी एक दाढी, दोन झब्बे आणि पुष्कळ शब्द आणले होते. शंभर वर्षांपूर्वीचं एक संगीत नाटक त्यांनी स्पर्धेसाठी निवडलं. नाव सांगत नाही, कारण नाटककाराचे वारस हयात आहेत आणि त्यातले दोघे वकील आहेत. गोष्ट साधी: राजा रत्नशेखर तळ्याकाठी कुसुमावतीला बघतो आणि पुढचे पाच अंक तिच्यासाठी जळतो. ती नाही म्हणते. तो पुन्हा जळतो. शेवटी ती हो म्हणते, तेव्हा म्हातारपण आलेलं असतं. मूळ नाटकात पंचावन्न पदं आहेत. कुंदन सरांनी चोपन्न कापली, त्याबद्दल त्यांना स्वर्गात जागा मिळावी. पण त्यांची खरी कल्पना निराळी होती. राजा बाईने करायचा आणि कुसुमावती पुरुषाने.

सर धुळ्याहून येताना अक्कांच्या गाडीत बसले होते. "मागचे पुढे सरकाऽऽ" हे वाक्य ऐकून ते उभेच राहिले. ते आधीपासून उभेच होते, पण मनाने उभे राहिले. उतरताना म्हणाले, "बाई, नाटकात काम कराल? मुख्य भूमिका आहे."

"प्रेमाचं आहे का नाटक?"

"कामनेचं आहे."

अक्कांना एवढं पुरे झालं. त्यांची मुक्कामी गाडी जळगावला थांबायची, तेव्हा संध्याकाळी तालमीला येणं जमण्यासारखं होतं. तालीम एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोडाऊनमध्ये. मला प्रॉम्प्टर म्हणून घेतलं होतं, कारण अंधुक उजेडात वाचायचा सराव असलेला दुसरा कोणी मिळाला नाही. विमा कंपनीच्या पॉलिसीवरची बारीक अक्षरं वाचून माझी तयारी झाली होती. पहिल्या वाचनाला अक्का आल्या त्या खाकी उतरवून, आबोली रंगाची साडी नेसून, केसांत मोगऱ्याचा गजरा माळून. कापसाचे बारीक तंतू हवेत उडत होते. ते गजऱ्यावर बसत होते.

कुंदन सर म्हणाले, "अक्का, तुम्ही राजा."

कोणीतरी शिंकलं.

"अन् बाई कोण?"

कोपऱ्यातून प्रेमराज उठला. सव्वापाच फूट, बारीक मान, आणि पापण्या अशा, की देवाने त्या कुठल्यातरी मुलीच्या घेऊन घाईत याला लावल्या असाव्यात. केळीच्या वेफर्सच्या दुकानात कामाला होता. तो जवळ आला की तळणीचा वास यायचा आणि प्रणयप्रसंगात सगळ्यांना भूक लागायची.

"बघा अक्का," सर समजावू लागले, "पुरुषाची हाव, पण शरीर बाईचं. फेटा, मिशी, सगळं ढोंग दिसलं पाहिजे. प्रेक्षकांनी असं कधी पाहिलेलं नसेल. धक्का बसेल."

"सर, हे आमच्या गावात पोरी दर आखाजीला करतात. मी सात वर्षं केलंय. कोणाला काही धक्का बसला नाही."

सरांनी वहीत 'लोककला' असा शब्द लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. अक्कांनी गजरा काढला, पर्समध्ये ठेवला आणि त्या निघाल्या. दारापर्यंत गेल्या तेव्हा सर घाबरले. राजा निघून चालला होता आणि स्पर्धा दीड महिन्यावर आली होती. घाबरलेल्या माणसाला जेवढं सुचतं तेवढं शांत माणसाला सुचत नाही. सर ओरडले, "शेवटी अदलाबदल आहे!"

अक्का थांबल्या.

"शेवटच्या प्रवेशात राजा आपला फेटा काढून कुसुमावतीच्या डोक्यावर ठेवतो. तिथून प्रेमराज राजा. तुम्ही कुसुमावती. शालू, दागिने, सगळं. तो गुडघे टेकून तुमची विनवणी करतो."

"किती वेळ?"

"सात मिनिटं," सर म्हणाले. हा आकडा त्यांनी कुठून आणला ते त्यांनाही माहीत नव्हतं. अक्का परत आल्या आणि खुर्चीत बसल्या. गजरा पुन्हा माळला नाही, पण पर्स मांडीवरच ठेवली.

राजाच्या कामाची तालीम अक्कांना लागलीच नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी "कोण आहे रे तिकडे!" म्हटलं तेव्हा शेजारच्या गोडाऊनमधला वॉचमन खरोखर "आलो, आलो" म्हणत आला. अडचण होती ती शेवटच्या सात मिनिटांची. प्रेमराज गुडघे टेकून म्हणायचा, "कुसुमावती, एकदा, एकदाच माझ्याकडे बघ! तुझ्या एका नजरेसाठी हे छत्र, हे सिंहासन मी या धुळीत टाकतो!" आणि कुसुमावतीने हळू म्हणायचं, "महाराज, इतकी वर्षं कुठे होतात?" अक्का ते अशा म्हणत, की महाराज पोलीस चौकीत सापडले आहेत असं वाटावं.

"हळू, अक्का. ओठातल्या ओठात."

"सर, ओठातल्या ओठात बोलले असते तर वीस वर्षं नोकरी टिकली असती का?"

पण त्यांनी हट्ट धरला. ड्युटीवर सराव सुरू केला. तीन आठवडे धुळे-जळगाव गाडीत "पुढे सरका" हे वाक्य अत्यंत मार्दवाने म्हटलं गेलं आणि कोणी इंचभरही सरकलं नाही. मुकटीला दोन म्हाताऱ्या उतरायच्या राहून गेल्या. एका प्रवाशाने "बाई, तब्येत बरी नाही का?" म्हणून लिमलेटच्या गोळ्या दिल्या. आणि एका संध्याकाळी जमलं. "महाराज, इतकी वर्षं कुठे होतात?" हे वाक्य अक्कांच्या तोंडून इतकं हळू आलं, की गोडाऊनच्या पत्र्यावर बसलेल्या पारव्यांचा आवाज ऐकू आला. प्रेमराज पुढचं विसरला. मी त्याला सांगायचं विसरलो. कुंदन सरांनी वहीत काही लिहिलं नाही, हे मी त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी मला एक पुडी उघडून दाखवली. आत हिरव्या खणाचा ब्लाउज. धुळ्याच्या शिंप्याकडून मापाने शिवून घेतलेला, बाहीला लाल काठ. शालू ड्रेपरीवाल्याचा भाड्याचा चालेल, म्हणाल्या, पण ब्लाउज स्वतःचा पाहिजे. "शिंपी म्हणतो, खाकीच्या मापाने शिवू का? मी म्हटलं, नाही रे बाबा, बाईच्या मापाने शिव."

आणि मग त्यांनी चूक केली. माहेरी, जिथे त्या अजून मालूच होत्या, फोन लावला. "या खेपले मी नवरा नही, गौर शे. दखाले या!"

आल्या. स्पर्धेच्या दिवशी दुपारी दोनच्या प्रयोगाला, दोन काळीपिवळी जीप भरून एकोणीस बायका पाचोऱ्याकडून जळगावच्या नाट्यगृहात उतरल्या. दोन्ही काठांच्या. सोबत शेंगदाणे, चिवडा आणि पाण्याचे कॅन. रुख्माबाई पाचव्या रांगेत मधोमध. गोरेपण गेलेलं, नाक होतं तिथेच. शेवटच्या रांगेत रजा टाकून आलेले लोटनभाऊ, मांडीवर हात ठेवून, स्टेअरिंगशिवाय जरा अवघडलेले.

पहिला अंक छान झाला. राजाची मिशी पुनाभाऊंनी लावली होती, स्पिरिटच्या गोंदाने, केसांची, झुबकेदार. हे पुनाभाऊ चाळीस वर्षं तोंडं रंगवत आले आहेत. पाचवी रांग गप्प बसून शेंगदाणे खात होती. तो राजा त्यांना परका वाटत होता. हा कोणी नाटकातला राजा असेल, आपली मालू नंतर येईल, गौर होऊन. पण मे महिन्याची दुपार, जळगावची, आणि पंखे अर्धे बंद. मध्यंतराला अक्कांच्या वरच्या ओठावर घामाची तळी साचली आणि मिशी सुटून छातीवर आली. नवीन गोंद लागेना. तिसरी घंटा व्हायला आली. पुनाभाऊंनी घराची किल्ली शोधावी तसा खिसा चाचपला, काजळाची डबी काढली आणि बोटाने सरळ दोन फराटे ओढले.

पडदा वर गेला. तळ्याकाठी राजा उभा. डोक्यावर फेटा, ओठावर काजळाची मिशी.

पाचव्या रांगेत शेंगदाणे खायचे थांबले. एकोणीस बायकांनी एकदम ओळखलं. हे नाटक नव्हतं. ही आखाजी होती.

रुख्माबाई उभी राहिली, पदर खोचला, आणि तीन परीक्षकांच्या डोक्यावरून आरोळी दिली, "पंचवीस वरीस व्हयनात व मालू! फेटा टाकीसन पयनी व्हती ना?" पयनी म्हणजे पळाली.

स्टेजवर प्रेमराज, शालू नेसून, कमरेवर घागर घेऊन उभा होता. त्याचं वाक्य होतं, "महाराज, वाट सोडा." त्याने ते म्हटलं. कोणी ऐकलं नाही.

अक्कांनी पहिल्यांदा ऐकलंच नाही असं दाखवलं. मी विंगेतून वाक्य दिलं: "हे कमलनयने." अक्का म्हणाल्या, "हे कमलनयने." पाचव्या रांगेतून काळ्या फेट्याचं गाणं सुरू झालं:

"काया फेटा काया स्वार, नवरानी मिशीमा केस चार!"

नऊ बायकांनी टाळ्यांवर ते उचललं. उरलेल्या दहा अक्कांच्या काठाच्या होत्या. त्या बोलल्या नाहीत. त्या फक्त स्टेजकडे बघत राहिल्या, आपल्या नवऱ्याकडे बघावं तशा. आमच्याकडे तसं बघितल्यावर उत्तर न देणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

अक्कांनी कमलनयनेला हाताने बाजूला केलं. "चार ते चार, पन मना शेतस! तुना नवरानी ते शेजारकडतीन उसनी आनेल शे!"

नाट्यगृह फुटलं. दहा बायका उठून नाचू लागल्या. आणि नदी सुरू झाली.

पुढची सव्वीस मिनिटं मी घड्याळ बघत होतो म्हणून सांगू शकतो. रुख्माने अक्कांच्या उंचीवर चार कडवी म्हटली, अक्कांनी रुख्माच्या सासूवर सहा. बसच्या नोकरीचा उद्धार झाला, पलीकडच्या गावच्या भरताचा उद्धार झाला, त्यात म्हणे वांगं सोडून सगळं असतं. एका परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. दुसरे रुमालाने डोळे पुसत होते. तिसरे मूळचे साक्रीकडचे निघाले. त्यांनी नकळत एका कडव्याला ठेका धरला. प्रेमराज घागर घेऊन तळ्याकाठी बसून राहिला होता आणि अधूनमधून मान डोलवत होता. कुंदन सर विंगेत आधी केस उपटत होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं आणि ते मला म्हणाले, "हे जिवंत आहे. हे पुण्यात कोणालाच सुचलं नसतं."

"सर, वेळ," मी म्हटलं.

स्पर्धेचा नियम कडक होता. दोन तास झाले की घंटा, घंटा झाली की पडदा. घाईघाईत मधले प्रवेश गाळले तर शेवटचा तेवढा बसत होता. नऊ मिनिटं उरली. मी विंगेच्या कडेला आलो आणि जमेल तेवढ्या मोठ्याने कुजबुजलो, "अक्का! शेवटचा प्रवेश घ्या! फेटा काढा!"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मागे खिळ्याला दुसरा शालू टांगलेला होता, त्यांच्यासाठीचा, आणि त्यावर हिरव्या खणाचा ब्लाउज. शिंप्याच्या कच्च्या टाक्याचा एक पांढरा दोरा बाहीला तसाच राहिला होता. त्या तिकडे बराच वेळ बघत राहिल्या. बराच म्हणजे पाच-सहा सेकंद. नाटकात तो फार होतो. प्रेमराजनेही ओळखलं. तो बिचारा घागर खाली ठेवून, फेटा घ्यायला मान पुढे करून उभा राहिला. अक्कांचा उजवा हात फेट्यापर्यंत गेला.

"काढ, काढ!" पाचव्या रांगेतून रुख्मा ओरडली. तिचा घसा फाटला होता, पण आवाजात पंचवीस वर्षांपूर्वीचा आनंद होता. "फेटा काढ म्हंजे बठ्ठं मिटी जाई! तुले ते सवयच शे!"

हात फेट्यावर होता. अक्कांनी फेटा घट्ट दाबून बसवला.

"थांबा भाऊ," त्या मला म्हणाल्या, राजाच्या आवाजात नाही आणि कंडक्टरच्याही नाही. मग रंगमंचाच्या पुढच्या टोकाला गेल्या आणि सुरू झाल्या. मी ते सगळं इथे लिहू शकत नाही. लिहिलं तर मला पाचोऱ्याच्या बाजूला विम्याचे हप्ते आणायला जाता येणार नाही. एवढं सांगतो, की त्यात रुख्माच्या सात पिढ्या आल्या, सातव्या पिढीची शेळी आली, आणि मागे-पुढे सरकण्याबद्दल काही व्यावसायिक स्वरूपाच्या सूचना आल्या. रुख्माबाई उत्तर द्यायला तीनदा उठली. तिसऱ्यांदा तिच्या तोंडून फक्त हवा आली. ती खुर्चीत बसली, पदर तोंडाला लावला आणि हसत हसत रडायला लागली. पाचव्या रांगेचा पलीकडचा काठ गप्प झाला.

अक्का कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, फेटा डोक्यावर. आणि घंटा झाली.

पडदा पडला. बाहेर टाळ्या चालल्या होत्या, त्या बराच वेळ चालल्या. आत प्रेमराज म्हणाला, "अक्का, माझं वाक्य आत्ता म्हणू का? कोणी बघत नाही तर नाही." अक्का म्हणाल्या, "राहू दे रे. तुझा शालू घसरला बघ मागून." आणि त्यांनी तो नीट खोचून दिला.

लोटनभाऊ आत आले. विंगेच्या तोंडाशी जरा वेळ घुटमळले, समोरून गाडी यावी आणि वाट द्यायची की घ्यायची ते ठरत नसावं तसे. मग खिशातून रुमाल काढून अक्कांच्या ओठावरची मिशी पुसू लागले. काजळ निघेना. त्यांनी रुमालाला पाणी लावलं.

"एवढी वर्षं मला सलत होतं, तू त्या दिवशी हरली होती माझ्यामुळे," ते म्हणाले. एवढं लांब वाक्य त्यांनी माझ्यादेखत तरी कधी उच्चारलं नव्हतं. त्याचा शीण आल्यासारखे ते थांबले. मग म्हणाले, "जेवली का?"

"नाही," अक्का म्हणाल्या.

एकोणीस बायका, दोन्ही काठ, बाहेर जीपपाशी चिवडा खात थांबल्या होत्या. रुख्माबाईला घशासाठी कोणीतरी लिमलेटची गोळी दिली. ती अक्कांनीच दिली असावी. बसमध्ये मिळालेल्या गोळ्या त्यांच्या पर्समध्ये पडून होत्या.

नाटक अपूर्ण राहिल्यामुळे स्पर्धेत ते धरलं गेलं नाही. कुंदन सर पुढच्या जूनमध्ये पुण्याला गेले. तिथे ते एका मालिकेचे संवाद लिहितात असं ऐकतो. प्रेमराजने वेफर्सचं स्वतःचं दुकान टाकलं. अक्कांची बदली शिरपूर डेपोला झाली, त्यामुळे लोटनभाऊंच्या गाडीची आणि त्यांच्या गाडीची आता वाटेत गाठ पडत नाही. हिरवा ब्लाउज त्यांनी दोन वर्षांनी भाचीच्या लग्नात घालायला काढला. दंडात घट्ट झाला होता.